नाकाची तारीख

९ जानेवारी २०२५
तारीख मिळाली! सात फेब्रुवारीला नाकाचं ऑपरेशन. विश्वनाथ म्हणतो, "सरळ तर आहे!" नवऱ्यांना काय दिसतं? केस कापले तरी आठवड्यानं कळतं. त्याची एकच अट – आधी चंडीगडला सेक्टर १७ मधल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. भेटते. होऊन जाऊ दे!

१३ जानेवारी
डॉक्टर मॅडम पंजाबी. बॉडी डिस्मॉर्फिया म्हणाल्या – नसलेलं व्यंग दिसत राहण्याचा आजार. "इलाज नाक का नहीं, नजर का करेंगे." ऑपरेशन केलं तरी वाकडंच दिसत राहील म्हणे. असा राग आला!

बाहेर बाकावर शशिकांत काका भेटले. साताऱ्याचे, निवृत्त सुभेदार. हात धुऊन धुऊन चिरलेत. "स्वच्छ हायती, मला ठाव हाय की! पण धुतल्याबिगर चैन पडत न्हाई." वर स्वतःच हसले. बिचारे! त्यांना आजार आहे. माझं नाक मात्र खरंच वाकडं आहे.

१६ जानेवारी
कडाक्याची थंडी, धुकं. बरंच आहे – मफलर नाकावर ओढून फिरता येतं.

१९ जानेवारी
पद्मिनीताईंकडे हळदीकुंकू. चंडीमंदिर छावणीतल्या सगळ्या मराठी बायका. मला जायचंच नव्हतं – कुंकू लावणारी अगदी तोंडाशी येते, मफलर ठेवणार कसा? ताईंनी तो सरळ खाली ओढला, कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पुढचीकडे वळल्या. माझ्या नाकाचं कुणालाच काही नाही! सगळ्यांचं लक्ष वाणातल्या स्टीलच्या डब्यांवर.

तेवढ्यात हिमानीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. कॅप्टनची बायको, नाशिकची, नुकतीच आलीय. कुजबुजली, "ताई, सगळ्या माझ्या गालावरचे खड्डे बघतायत ना?" मी तिला दिव्याखाली नेऊन निरखलं. गाल गुळगुळीत! म्हटलं, "काही नाही गं." तर म्हणते, "तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणताय."

कालच मी विश्वनाथला हेच ऐकवलं होतं. अगदी हेच! भीतीच वाटली.

२० जानेवारी
आरशात नाक वाकडंच आहे. पण हिमानीलाही तिचे खड्डे इतकेच स्पष्ट दिसत असणार. आणि ते नाहीतच. मग मी कशाच्या जोरावर छाती ठोकून सांगते? शशिकांत काकांना आपलं खूळ कळतं तरी. मी मात्र त्यांचीच कीव करत बसले!

२४ जानेवारी
मॅडमनी विचारलं, "कितना यकीन है?" 'पक्का' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "पता नहीं." मॅडम हसल्या. मला रडू आलं – पण बरं वाटलं. गोळ्या सुरू.

३ फेब्रुवारी
ऑपरेशन रद्द केलं. तशीच हिमानीकडे गेले. "माझ्या डॉक्टरांकडे येतेस?"
"तुम्हाला काय झालंय?"
नाक सकाळीही वाकडंच दिसलं होतं. तरी म्हटलं, "मला आजार आहे."