जागा बधिर करायचे औषध

कोल्हापूर,
ता. २१ नोव्हेंबर १९६३, गुरुवार

ती. सौ. आनंदीआक्का यांस,
तुमच्या धाकट्या बहिणीच्या, कावेरीच्या घोवाचा, म्हणजे सत्यवानाचा, साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. घाटात कावेरीला मळमळले नाही, मलाच मळमळले. दोन मोटारींचा मालक खिडकीबाहेर डोके काढून बसला म्हणून तिने पोटभर हसून घेतले. खाणावळीतले कालवण लालभडक. कावेरी म्हणते, "ह्येच्यावर नारळाची सावली तरी पडली काय?" इकडे थंडी बरीच आहे.

कावेरीच्या तब्येतीचे लिहायचे तर... तुम्हाला मी खांद्याखाली गाठ म्हणून सांगितले होते. खांद्याखाली नव्हे, स्तनात आहे. तुम्ही वडील, तुम्हाला असले लिहायची लाज वाटते. पण दुसऱ्या कोणाला लिहू?

गेल्या सोमवारी डॉक्टर गाठीत जाड सुई घालून बघणार होते. त्यांनी नीट समजावले, "आधी बारीक सुईने औषध देऊन जागा बधिर करतो. मग दुखणार नाही." कावेरी ताडकन म्हणाली, "माका ता औषध नको. तशीच घाला." डॉक्टरांनी पुन्हा विचारले. हिचे एकच, नको. मला बाहेर घालवले.

आक्का, मोटार फाट्यावर असते तेव्हाच तिचे कुठले चाक कुरकुरते ते मी घरातून सांगतो. त्या दिवशी हे कान नसते तर बरे, असे झाले. ती ओरडली नाही. नुसत्या बांगड्या लोखंडी खाटेवर वाजत राहिल्या.

नंतर विचारले, "कित्याक गो नको म्हटलंस?"

"तो डाक्टर बधिर करतंय म्हणालो. जातला ता जाव दे, वर कान पण दिव काय?"

आपल्या मोटारीत मूकबधिर मुलांच्या मदतीची पाटी आहे ना, तिथला शब्द हिने लक्षात ठेवलेला! मला हसू आले. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी कितीतरी समजावले, बधिर म्हणजे जागेपुरते, कानांचा संबंध नाही. "तुमी काय, गिऱ्हाइकाकपण असाच गोड सांगतास," म्हणाली. दुसऱ्या खेपेला गाठीचा तुकडा काढायचा होता. हिने हॉस्पिटलात पाऊल टाकणार नाही म्हणून सांगून टाकले.

तेव्हा मी डॉक्टरांना म्हटले, आधी मला टोचा, हिच्या समोर. ते म्हणाले, "शेठ, धडधाकट माणसाला?" पण भला माणूस. बाटली मुठीत धरून ऊब दिली, बारीक सुईने माझ्या हातात अगदी सावकाश औषध सोडले. डास चावल्यासारखे झाले, मग काहीच नाही. कावेरीने तिथे चिमटा काढला, साऱ्या संसाराचा राग काढून. मला पत्ता नाही. मग ती मागे दारापर्यंत गेली आणि हळूच पुटपुटली, "माका घराक व्हरा."

घरी न्यायचे म्हणे. मी मान न वळवता म्हटले, "आधी बरी हो, मगे व्हरतंय."

"आयकाक येता मा रे देवा!" म्हणाली, आणि तयार झाली.

काल तुकडा काढला. औषध घेऊन. मी दाराला कान लावून होतो, आत काही आवाज नाही. बाहेर येऊन म्हणाली, "मुंगयेन खाल्ल्यासारख्या झाला, बस."

इथेच पत्र संपवणार होतो.

आज सकाळी हॉस्पिटलच्या पडवीत दोन डॉक्टर हळू आवाजात बोलत होते. त्यांना वाटले मी लांब आहे. "काखेपर्यंत पोचलंय. मंगळवारी स्तन काढू, पण पुढचं काही सांगता येत नाही." एवढे ऐकले.

खोलीत गेलो तर कावेरीने विचारले, "डाक्टर काय बोलत होते?"

"नाय गो, माका आयकाक नाय इला."

तिने माझ्याकडे बघितले. "मगे ता औषध तुमच्या कानांक लागला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हापासून जेवलीही नाही.

आक्का, खोटे तिच्याकडे चालत नाही आणि खरे माझ्या तोंडून निघत नाही. मंगळवारी भूल देतात त्या खोलीत मला उभे करणार नाहीत, बाईमाणसाला करतील. आपल्या भाषेत, एकेक गोष्ट आधी सांगून, तिचा हात धरणारे कोणी हवे. पत्र मिळताच निघा. आपला ड्रायव्हर शिवा तुमच्या दारात मोटार उभी करील. तिला किती सांगायचे ते तुम्ही ठरवा. मी बाजूला बसेन.

मालवणात विचारतील, सत्यवानशेठ कसे आहेत? मजेत आहेत म्हणून सांगा.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
फार भ्यालेला,
सत्यवान