न झाडलेला डोंगर

आये, यंदा मे महिन्यातही विहिरीला पाणी आहे. वाकून बघावं लागत नाही, कठड्याला हात टेकला की दिसतं. एवढंच सांगायला बसले होते, पण पहिली ओळ लिहून झाली आणि हात थांबला, कारण पाणी आलं म्हटल्यावर ते कसं आलं हे तू विचारणारच. कुठलीही गोष्ट तू अर्धी ऐकून सोडून दिलीस असं मला आठवत नाही. शेजारच्यांची म्हैस व्याली तरी ती कधी व्याली, त्रास झाला का, वार पडली का, इथपर्यंत तुझी चौकशी चालायची. तेव्हा हेही तू खणून काढशील. तू गेल्यापासून मी मनातल्या मनात तुझ्याशी रोज बोलते. भाजीत मीठ जास्त झालं तेही सांगते, पण ही एक गोष्ट येऊ घातली की विषय बदलते. आता मीच पन्नाशीला आले. कधीतरी सांगायला हवं.

मी लहान आहे, माघ महिना आहे. दव सुकायच्या आत तू डोंगराला लागतेस. ओलसर पातेरा, ही गळलेली पानं, दबतो, टोपलीत जास्त मावतो आणि उन्हं चढली की त्याचा हातात चुरा होतो, हे तू मला दर वर्षी नव्यानं सांगतेस. तुझ्यामागे काकी, काकीच्या मागे मी. ऐनाच्या पालेदार फांद्यांचं कवळ बाबांनी आधीच तोडून ठेवलंय, झाडं नुसती खुंटासारखी उभी आहेत. तू कमरेत वाकतेस आणि घर झाडावं तसा डोंगर झाडायला लागतेस. वरून खाली, एक पट्टा संपला की दुसरा, झुडपाच्या बुडातलं पानही सोडत नाहीस. त्या खराट्याचा आवाज सगळ्या उतारावर ऐकू येतो. मागे वळून पाहिलं की तांबडी माती दिसते, लख्ख, आणि तुला त्याचं कोण कौतुक. खाली शेताच्या कोपऱ्यात शेण, कवळ, पातेरा, गवत असे थर लावून वरून माती पसरायची आणि चैत्र-वैशाखात तो राब भाजायचा. आपला राब गावात सगळ्यांत काळा आणि सारखा भाजायचा. त्या राखेत पेरलेली भाताची रोपं इतकी हिरवी यायची की लोक बांधावर थांबून बघायचे. तेव्हा तू नुसता पदर खोचायचीस. एकदा करवंदीच्या जाळीखालचा पातेरा मी काट्यांना भिऊन तसाच टाकला. तू मला भरल्या टोपलीसकट परत वर पाठवलंस. "डोंगर काय तुझ्या सासऱ्यानं घेतलाय गं, पातेरा राखून ठेवायला?" म्हणालीस. मला तेव्हा सासरा नव्हता, लग्नाचं वयही नव्हतं. हात ओरबाडून घेत मी जाळीखाली शिरले आणि रडता रडता हसले. त्याच संध्याकाळी चुलीपाशी बसून तू निरगुडीच्या काटक्यांचा एक लहान खराटा बांधलास, माझ्या हाताच्या मापाचा. मी शाळेत सगळ्यांना तो दाखवला होता.

आपल्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे. आषाढात भिंतींना शेवाळ धरतं, अंथरुणाला वास येतो, आणि वैशाखात त्याच घरातली बाई हंडा घेऊन टँकरची वाट बघत बसते. तू लग्न होऊन आलीस तेव्हा विहीर बारा महिने पुरायची असं तूच सांगायचीस. माझ्या आठवणीत ती मे महिन्यात तळाला गेलेली आहे. तळाच्या एका कडेला कातळात भेग होती, तिथून पाणी पाझरायचं. भेगेपुढे एक सपाट दगड. त्यावर उकिडवं बसायचं, करवंटीनं पाणी गोळा करून कळशीत ओतायचं आणि वरच्या बाईनं दोरानं कळशी ओढायची. बायकांनी पाळ्या लावल्या होत्या, पण आपल्या पाळीला तूच उतरायचीस. दुसरी कोणी पाणी गढूळ करते, असं तुझं म्हणणं. त्या दिवशी वर दोराशी काकी होती. मी कुंभिवलीला कंपनीच्या स्टोअरमध्ये माल मोजत होते. भाऊ कुणाच्या तरी मोटरसायकलवरून गेटवर आला आणि म्हणाला, चल. विहिरीचं एका बाजूचं बांधकाम सुटलं होतं. मी पोचले तेव्हा तुला वर काढून अंगणात ठेवलं होतं. तुझे केस ओले होते. पाणी नाही म्हणून जिथे तू उतरली होतीस, तिथलं होतं नव्हतं ते सगळं पाणी तुझ्या केसांना लागलं होतं. मी पदरानं केस पुसायला लागले तर बायकांनी माझा हात धरला. का धरला ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर गावानं विहीर बांधून घेतली आणि मशीन लावून आणखी खोल केली, भेगेपुढचा सपाट दगड तेवढा कडेला तसाच राहिला. पाण्यात काही फरक पडला नाही, नुसता दोर लांब लागायला लागला. मग काही वर्षांनी एका संस्थेची माणसं आली. मी भिसेगावला राहते, पण रविवारी भावाकडे येते, म्हणून त्यांनी मलाही सोबत घेतलं. दिवाळी होऊन गेली होती. आम्ही आधी आपल्या डोंगरावर गेलो, मग पलीकडच्या देवाच्या रानात. त्या रानातली काडीही कोणी उचलत नाही, तूसुद्धा कधी तिथे खराटा घेऊन गेली नाहीस, देवाच्या भीतीनं. तिथे पाय ठेवला की पातेऱ्यात घोट्यापर्यंत जातो. मी सहज खाली बसून पानं बाजूला केली, मातीत बोटं घातली. माती काळी, भुसभुशीत आणि ओली होती. पाऊस जाऊन इतके दिवस झाले होते तरी ओली. थोडं खाली ओहोळात पाणी वाहत होतं. आपल्या उतारावर मात्र जमीन खळ्यासारखी कडक होती, काठी टोचली तरी आत जाईना. संस्थेच्या बाई काहीतरी समजावून सांगत होत्या, पण मला पुढचं ऐकू आलंच नाही. मला कळलं होतं.

आये, सांगायचं टाळत होते ते हेच. पाऊस पानावर पडला की थांबतो, मुरतो, डोंगराच्या पोटात उतरतो आणि उन्हाळ्यात हळूहळू भेगेतून बाहेर येतो. आपण त्याचं पांघरूण दर माघात काढून घेत होतो. उघड्या मातीवर पडलेला पाऊस धावत नदीला जायचा, सोबत मातीही न्यायचा. एकट्या पातेऱ्यानं झालं असं मी म्हणत नाही. वरची झाडं तुटली, गुरं चरली, आता तर बंगल्यांच्या बोअरवेलही आहेत. पण तू डोंगर झाडायचीस, मीही झाडायचे, आणि त्याच डोंगराचं पाणी आटलं म्हणून तुला विहिरीत उतरावं लागलं. हे तुला कोणत्या तोंडानं सांगायचं? तुझ्या हातचं सगळ्यांत नेटकं काम कोणतं असं कोणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं.

मग आम्ही डोंगर बंद केला. बंद म्हणजे कुंपण नाही, नुसता शब्द. वरच्या उतारावर कवळ तोडायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, पातेरा उचलायचा नाही. ओहोळात ठिकठिकाणी दगड रचले. साठलेल्या पातेऱ्यानं वणवा वर चढू नये म्हणून कडेनं जाळपट्टा काढायचा, तेवढीच जागा काय ती झाडायची. भातासाठी राब सोडून गादीवाफे करायचे, म्हणजे उंच वाफे, त्यात शेणखत आणि तुसाची राख. भाऊ अजून कुरकुरतो. राबातलं तण भाजून जायचं, वाफ्यातलं हातानं काढावं लागतं, आणि तुझ्या रोपांची सर काही येत नाही. ते मलाही दिसतं. पण तोवर माघातच आटू लागलेली विहीर आधी होळीपर्यंत टिकली, मग पाडव्याच्या पुढे गेली. एका वर्षी पाऊस कमी झाला तेव्हा पुन्हा तळ दिसला आणि लोक माझ्याकडे बघेनासे झाले. त्यानंतर मात्र पाणी वाढत गेलं.

तुझा आवाज मात्र जात नाही. माघात मी एकटी वर जाते. पायाखाली पानं वाजतात आणि माझ्यामागे, थोडं वरच्या अंगाला, खराटा चालतो. वरून खाली, एक पट्टा, मग दुसरा. वारा असतो हे मला समजतं, तरी मी वळून बघते. वळले की थांबतो. त्या पसाऱ्यातून चालताना मला लाजही वाटते, आल्यागेल्यासमोर न झाडलेलं घर दिसावं तशी. कधी कधी मी मोठ्यानं म्हणते, असू दे गं, राहू दे. भिसेगावच्या स्वयंपाकघरात नळ बंद केला की क्षणभर कातळावर करवंटी घासल्याचा आवाज येतो. मुलीनं एकदा विचारलं, आई, नळापाशी अशी का उभी राहतेस? मी म्हटलं, वॉशर गेलाय बहुतेक. तिनं प्लंबरला बोलावलं. त्यानं नळ उघडून बघितला आणि सगळं ठीक आहे म्हणून गेला.

यंदा पौषात बायकांची बैठक झाली, शाळेच्या ओट्यावर. काकीनंच बोलावली होती. काकी आता पुरती वाकली आहे, पण आवाज तोच. तिचं म्हणणं साधं होतं. विहीर भरली, आता डोंगर उघडा करा. वाफ्यातल्या रोपांनी गेल्या वर्षी तिच्या शेतात दगा दिला, तण वर आणि भात खाली. एकदा तरी मनासारखा राब भाजू दे, मग मरायला मोकळी, असं ती म्हणाली आणि बायका हसल्या. बऱ्याच जणींना ते पटलेलं दिसत होतं. मी मुरण्याचं, झिरपण्याचं नेहमीचं सांगायला लागले. त्यांना ते पाठ झालंय, माझ्याआधी त्याच बोलतात. काकीनं मला मध्येच थांबवलं.

"आमी जलमभर डोंगर झाडला. तवा काय पानी नव्हतं?"

"व्हतं काकी. मग दर साली कमी झालं."

"मंजे झाडल्यानं गेलं? सांग ना. तुझी आय तर सगळ्यांच्या म्होरं झाडायची."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. भाऊ कडेला उभा होता, त्यानं मान खाली घातली. मला विषय बदलता आला असता, आये. इतकी वर्षं तुझ्याशी बोलताना तेच करत आले होते. पण त्या दिवशी मी बोलले नसते तर चार दिवसांत उतारावर खराटे चढले असते, आणि पुढच्या का त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी पुन्हा विहिरीत उतरली असती.

"व्हय," मी म्हटलं. "आयनं झाडला, तू झाडलास, मी पन झाडला. आपल्याला ठावं नव्हतं. पन पानी त्यानंच गेलं."

काकीचे हात मांडीवर होते, तळवे वर करून. त्या हातांतून त्या दिवशी दोर निसटला नव्हता, ती शेवटपर्यंत धरून उभी होती, हे मला भावानं फार नंतर सांगितलं. मग ती म्हणाली, "मंग ती उगाच उतरली गं." कोणीतरी तिला पाणी दिलं, ती ते प्यायली, आणि भांडं खाली ठेवत म्हणाली, "नका उघडू डोंगर." बैठक तिथेच उठली. चहाचं पातेलं तसंच भरलेलं राहिलं.

म्हणजे गावाला सांगितलं, काकीला सांगितलं, आणि तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं. हे पत्र कुठे ठेवायचं ते मला कळत नाही. पितृपक्षात पानावर ठेवलं तर भाऊ वाचेल. विहिरीत टाकता येत नाही, लोक ते पाणी पितात. तेव्हा बहुतेक माझ्याजवळच राहील, आणि तुला कळायचं असेल तर असंच कळेल. मला आता आजूबाजूच्या गावांतून बोलावतात, डोंगर कसा राखावा ते सांगायला. मी गावाच्या पाण्यासाठी झटते असं ओळख करून देणारे म्हणतात. मी हात जोडते. पण खरं तुला सांगते. वैशाख लागला की मी दर रविवारी विहिरीवर जाते ती गावाला पाणी पुरेल का हे बघायला नाही. तू बसायचीस तो सपाट दगड पाण्याखाली आहे ना, तेवढंच बघते, आणि घरी येते.