ओवाळणीचं बोरिंग

तीर्थस्वरूप सुलूताईस,

ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातून धाकट्या रमाकांताचा वाकून नमस्कार (पूर्ण वाकता येत नाही, जेवढा जमला तेवढा गोड मानून घे). इथे पद्मा, मी आणि माझे गुडघे जेमतेम ठीक आहोत. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे ते खरं खरं कळव. फोनवर तू ‘मजेत’ म्हणतेस, त्यावर माझा भरोसा उरलेला नाही.

तुझा नातू अपूर्व परवा येऊन गेला. आमसुलं, फणसाची साटं आणि तुझ्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली देऊन गेला. बाटली त्याने तुला न सांगता आणली, पण त्याच्यावर रागावू नकोस. मी पाणी चाखलं. मग पद्माने चाखलं आणि विचारलं, हे गुळण्या करायला आणलंय का. दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीत घालून, टेम्पोत धक्के खात मुरारला गेलो. तिथे पाणी तपासणाऱ्या सौरव नावाच्या गृहस्थाने दोनदा तपासलं, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘अंकल, नमक आपने मिलाया है क्या?’ मी बाटली पुन्हा पिशवीत घातली.

तिथून हरिशंकरपुरमला गरिमाकडे (मानसिंगरावांची सून, कॉलेजात भूजल शिकवते). तिने चहा दिला आणि समजावलं. समुद्रकाठी जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर असतं, दुधावर साय असते तसं. ते वरवरून, हलक्या हाताने काढावं. खोल जाऊन पंपाने ओढलं की खालचं खारं वर चढतं आणि बाजूने समुद्रही आत सरकतो. आता आम्ही पडलो ग्वाल्हेरची माणसं. इथे पाणी आटलं की इलाज एकच, अजून शंभर फूट. ज्याचं बोरिंग खोल त्याची गल्लीत ऐट. हीच अक्कल घेऊन मागच्या भाऊबीजेला मी गुहागरला आलो आणि साडीऐवजी ओवाळणीत तुला विहिरीशेजारी बोरिंग करून दिलं, वर पाच हॉर्सपॉवरचा पंप. तू ओवाळलंस, मी बटण दाबलं. काय माझा रुबाब होता तेव्हा!

गरिमा म्हणते, पंप बंद करा, बागेपुरतं रहाटाने थोडं थोडं काढा, दोन-तीन पावसाळे धीर धरा. विहीर सुधारेल, नाहीही सुधारणार. प्यायला मात्र वरच्या वाडीतलं पाणी आणा. एवढंच सांगायचं होतं. थकलो गं.

तुझा
रमाकांत

ता. क. बोरिंगवाल्याला मी हे दोन दिवस शिव्या दिल्या, पद्मासमोर तर फारच. खरं म्हणजे तो बिचारा पन्नास फुटांवर थांबत होता. पुढे जा म्हणून मीच हट्ट धरला, तोही हिंदीतून.

ता. क. २. अपूर्वने अजून एक सांगितलं. वरच्या वाडीतलं पाणी आणायला तो रोज तयार असतो, पण तू जाऊ देत नाहीस. भावाने दिलेलं पाणी टाकू कसं म्हणतेस आणि तेच तांब्या-तांब्याने पितेस. ताई, मी ओवाळणी परत घेतोय. आजच पंप बंद कर. तुला काही झालं तर भाऊबीजेला मी कोणी मांडलेल्या पाटावर बसू?