वाल विचारून घेऊ नयेत

जिते, ता. पेण
४ जानेवारी २०२५

ती. स्व. अनिता आत्यास,
जितेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन का केला नाही ते आधी सांगतो. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तुझ्या ओटीवर कायम कोणीतरी बसलेलं असतं. मागे मी तुला पोटाची तक्रार सांगितली, तर त्याच आठवड्यात तुमच्या रोह्याजवळच्या निडीच्या स्टेशनवर एका अनोळखी बाईंनी मला ओव्याचं पाणी घ्यायला सांगितलं. आता जे लिहितो आहे ते ओटीवर जाऊ नये.

तू संस्थेत शब्द टाकलास म्हणून मला गावच्या युवा केंद्राचं काम मिळालं. संध्याकाळी देवळामागच्या खोलीत मुलं-मुली जमतात, कधी पथनाट्य बसवतात, कधी विहिरीभोवतीची घाण काढतात, कधी नुसतीच भांडतात. मी त्यांचा दादा. आता मुंबईहून मृणालीताई नावाच्या एक बाई अभ्यास करायला येत आहेत. मला वाटलं मुलांचा अभ्यास असेल. तसं नाही. आमच्यासारखी मोठी माणसं मुलांबरोबर नेमकं काय करतात, याचा अभ्यास आहे. म्हणजे माझा.

कार्यालयात असं बोललं जातं की यापुढे केंद्रावर पदवीधर माणूस नेमावा, आणि या अभ्यासानंतर ते ठरेल. मी बारावीला इंग्रजीत अडकलेला, हे तुला माहीत आहे. केंद्र गेलं तर मी परत कंपनीत, रात्रपाळीला. पाळीचं एवढं नाही, पण संध्याकाळी देवळामागे कोणी दुसराच उभा असेल, हे मनात आलं की मला जेवण जात नाही.

म्हणून मी तयारी केली आहे. ताईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते वाक्य मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. वाक्य असं: जितेशदादा आम्हाला स्वतः निर्णय घेण्याची संधी देतात. किमया म्हणून एक मुलगी आहे, अकरावीची, सगळ्यांत पुढे असते. तिने विचारलं, हे वाक्य म्हणायचं कोणी ठरवलं. मी सांगितलं, मी ठरवलं. त्यावर ती बराच वेळ हसली. कारण कळलं नाही.

तुझा सल्ला लवकर यावा. लोभ आहेच, तो माझी परीक्षा होईपर्यंत तरी तसाच ठेव.

तुझा,
जितेश

---

रोहा
८ जानेवारी २०२५

चि. जितेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आतल्या खोलीत, दार लावून वाचलं. ओटीवरच्या बायका अजून विचारत आहेत की कोणाचं लग्न ठरलं. ठरलेलं नाही असं सांगितलं, तर त्यांना तुझी दया आली. एकीने भाचीचं वय सांगून ठेवलं आहे.

अरे, किमया का हसली हे तुला खरंच कळलं नाही? मग राहू दे, ताईंना कळेल.

तू लहानपणापासून असाच. शाळेच्या सहलीला जाताना डबा उघडून भाजी आहे ना हे बघायचास आणि स्टेशनवर पोचेपर्यंत अर्धी सांडायचास. मी इतकी वर्षं पोरींना कबड्डी शिकवते, त्यातून एकच शिकले. मोठ्या माणसाने गप्प बसावं. मी मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसते, पोरी आपलं आपण ठरवतात, आपलं आपण खेळतात. चुकल्या तर चुकू देते. माझा संघही त्याच संस्थेचा, तेव्हा त्या ताई अठरा तारखेला माझ्याकडे पण येणार आहेत. मी काही तयारी करणार नाही. तूही करू नकोस.

पदवीचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला ठेवायला सांगितलं ते मी, आणि माझी निवड चुकत नाही. आता ती खरी ठरव, म्हणजे मला रोह्यात तोंड वर करून फिरता येईल.

थंडी आहे, कानाला बांधत जा. आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी आत्या,
अनिता

ता. क. दादा, पत्र पोस्टात मीच टाकते म्हणून हे लिहिता येतं. गप्प बसावं, हे वाक्य लिहिताना आईच्या गळ्यात शिट्टी होती. — नूतन

---

जिते
१५ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पहिली भेट झाली. वाईट झाली. मृणालीताई स्वभावाने चांगल्या आहेत, खाली सतरंजीवर बसल्या, चहा मागून घेतला. मग एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारलं की तुमचा दादा काय करतो. सगळ्यांनी एकच वाक्य सांगितलं. शेवटच्या मुलाने सुरुवात केली तेव्हा ताईंनीच ते पूर्ण केलं. माझ्याकडे पाहून हसल्या. मी छताकडे पाहिलं.

मग त्या म्हणाल्या की मुलांनी काहीतरी ठरवून पार पाडलेलं त्यांना बघायचं आहे. मुलांनी लगेच पोपटी ठरवली, पंचवीस तारखेची. ताईंना पोपटी माहीत नव्हती. मी नीट समजावलं, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मीठ, ओवा, पुन्हा पाला, आणि मडकं शेतात उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. शेंगा कुठून आणतात ती.

तुला माहीतच आहे, पोपटीचे वाल कोणी मागून आणत नाही. पोरं याच्या शेतातून ओंजळभर, त्याच्या शेतातून ओंजळभर उचलतात, मालक बघून न बघितल्यासारखं करतो, आणि संध्याकाळी पोपटीला येऊन चोरांना नावं ठेवत दोन वाटे जास्त खातो. पण ताईंच्या अहवालात हे कसं दिसेल? जितेशच्या केंद्रातली मुलं चोरी करतात, असंच ना? मला झोप लागेना. म्हणून मुलांना न सांगता मी सकाळी उठून वालवाल्यांकडे परवानगी मागायला गेलो. सुरुवात कान्हूकाकांपासून केली, कारण त्यांचे वाल सगळ्यांत चांगले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. पायाचा अंगठा चोळला. मग म्हणाले, “न विचारतास तर मी बघितलं नसतं. आता विचारलंस, आता मला नाय म्हणायला लागंल.”

त्यांचं म्हणणं असं, की माझ्यासमोर व्हय म्हटलं तर उद्या अख्खा गाव पिशवी घेऊन विचारायला येईल, मग एकाला व्हय आणि दुसऱ्याला नाय कसं म्हणायचं. पुढे पुतळीकाकूंकडे गेलो. कान्हूने नाय म्हटलं असताना मी व्हय म्हटलं तर त्याला वाईट दिसेल, असं त्या म्हणाल्या. शिवाय आधी त्याच्याकडे गेलास, माझ्याकडे नंतर आलास, याचाही राग. बाकीच्यांची तीच तऱ्हा. आता प्रत्येकजण शेताची राखण करतो आहे. मी विचारल्यावरही राखण केली नाही, असं लोकांनी म्हणू नये म्हणून. पुतळीकाकूंनी बांधावर खाट टाकली आहे.

हे मुलांनाही कळलं. पेणच्या बाजारातून शेंगा आणतो म्हटलं, तर किमया म्हणाली की विकतच्या शेंगांची होते ती उसळ.

आत्या, पोपटी झाली नाही तर ताईंसमोर दाखवायला काहीच नाही. मी काय करू ते कळव. लोभ असू दे, राग पोपटीनंतर धर.

तुझा,
जितेश

---

रोहा
२० जानेवारी २०२५

चि. जितेश यास,
अनेक आशीर्वाद.

वाल विचारून घेतोस? तुझे आजोबा असते तर त्यांनी तुला घरात घेताना विचार केला असता. कान्हू माझ्या वर्गात होता. त्याने स्वतः किती शेतं धुंडाळली आहेत ते मला विचार.

माझ्याकडची भेट उत्तम झाली. ताई फार खूश दिसल्या, बरंच लिहून घेतलं. मी बाहेर बसून होते, पोरी खेळल्या. बस.

तुझ्यासाठी सल्ला एकच. आता काहीही करू नकोस. जे करायला हात शिवशिवतील, ते तर मुळीच करू नकोस. पोरांवर सोड.

काळजी घे, म्हणजे तब्येतीची. दुसरी काळजी तुला आहे तेवढी पुरे. आशीर्वाद पाठवते आहे, पोचल्याचं कळव.

तुझी आत्या,
अनिता

---

(त्याच पाकिटात, वहीच्या अर्ध्या पानावर)

दादा, नमस्कार.

आई बाहेर बसली होती हे खरं आहे. खुर्ची मात्र रेषेला लागून होती आणि शेवटी शेवटी आतच आली. ताईंनी आम्हाला विचारलं की संघात कोणाला घ्यायचं ते कोण ठरवतं. आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईने सांगितलं, “पोरीच ठरवतात.” ताईंनी विचारलं, कसं ठरवतात. आम्ही पुन्हा आईकडे पाहिलं. तेही आईनेच सांगितलं. मग एक चढाई चुकली, आईला राहवलं नाही, शिट्टी वाजवून ती मैदानात गेली आणि चढाई स्वतः करून दाखवली, साडीचा पदर खोचून. गडी बाद झाला. मीच होते.

ताई हसून हसून लाल झाल्या. आईला वाटतं त्या खूश झाल्या. हे पान वाचून झालं की चुलीत घाल.

तुझी,
नूतन

---

जिते
४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद पोचले. वेळेवर पोचले.

तू सांगितलंस तसं मी काही केलं नाही. फार कठीण गेलं. शनिवारी दुपारी किमया आली आणि म्हणाली, अंडी कमी आहेत, दादा तू वडखळला जाऊन घेऊन ये, ताईंनाही गाडीवरून फिरवून आण. अंडी जित्यातही मिळतात, हे मला वडखळच्या नाक्यावर, अलिबागकडे वळणाऱ्या गाड्यांमध्ये अडकल्यावर आठवलं. मागे बसलेल्या ताईंना ते बहुतेक निघतानाच माहीत होतं.

परत आलो तर शेतात मुलं मडकं उलटं करत होती. भरलेलं. पाला नीट, शेंगा तोंडापर्यंत, आणि अंडीसुद्धा आत. मी दोन्ही हातांत अंडी घेऊन उभा. शेंगा कोणाच्या, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण आत्या, मी विचारलं नाही.

नंतर कळलं ते असं. किमया सकाळीच कान्हूकाकांकडे गेली होती. तिने काही मागितलं नाही. एवढंच म्हणाली, की आमच्या दादाने तुम्हाला काय विचारलं ते आम्हाला काही माहीत नाय, आणि काका, तुम्ही हल्ली दुपारचे झोपत नाय, तब्येतीला बरं नाय ते. काका जन्मात कधी दुपारी झोपले नव्हते. त्या दिवशी झोपले, भिंतीकडे तोंड करून. काका झोपले असं कळल्यावर पुतळीकाकूंनाही झोप आली आणि खाट घरात गेली. मग बाकीचे कशाला जागे राहतात.

मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र वाजलं म्हणजे पोपटी शिजली, आणि मडकं उघडायच्या वेळेला काका हजर. आल्या आल्या तक्रार सुरू, की दुपारी जरा डोळा लागला तर कोणीतरी वाल नेले, गावात आता राम राहिला नाय. एका हाताने शेंगा सोलत होते. ताईंनी त्यांना विचारलं, चोर कोण असतील. काका म्हणाले, कोण ते माहीत नाय, पण पोरं चांगल्या घरची हायत, एक वेल मोडला नाय.

मग जाळ विझत आला तेव्हा ताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, सगळ्यांसमोर, की तुमचा दादा काय करतो. मी हळूच वाक्य सुरू करून दिलं. कोणीही उचललं नाही. सगळे किमयाकडे बघत होते. ती शेंग खात म्हणाली, “दादा काळजी करतो. सगळ्यांची सगळी काळजी तो एकटाच करून टाकतो, मग आम्हाला बाकीचं करायला वेळ मिळतो.”

सगळे हसले. मीही हसलो, पण धूर फार होता, डोळ्यांत गेला. ताईंनी ते वाक्य तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि लिहिलं.

काल कार्यालयातून फोन आला. केंद्र चालू राहणार आणि दादाही बदलणार नाही. पदवीबद्दल कोणी बोललं नाही, मीही काढलं नाही. बघ, शिकतो आहे. फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र खाली बसून वाच. संस्थेच्या माणसांनी एकमेकांची कामं जाऊन बघावीत असं ताईंनी सुचवलं आहे. मोठ्या माणसाने मागे कसं राहावं हे बघायला एका केंद्रावर दुसऱ्या केंद्राचं माणूस पाठवायचं. पहिलं केंद्र जिते. पहिलं माणूस रोह्याची अनिताताई.

यात माझा काही हात नाही. हंगामातली शेवटची पोपटी तुझ्यासाठी ठेवली आहे. नूतनला आण. अंडी आणू नकोस, आमच्याकडे अजून आहेत. आणि आत्या, लहान तोंडी मोठा घास होतो, पण येताना शिट्टी घरी ठेव.

लोभ होता तसाच राहावा. थोडा कमी झाला तर समजू शकतो.

तुझा,
जितेश

---

रोहा
८ फेब्रुवारी २०२५

चि. जितेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ओटीवर मोठ्याने वाचून दाखवलं. शिट्टीचं वाक्य सोडून. ते नूतनने वाचून दाखवलं. ती इतकी कशाला हसत होती, ते मी योग्य वेळी शोधून काढणार आहे.

कान्हूला सांग, मी येते आहे. वर्गात असताना त्याने माझ्या वडिलांच्या शेतात काय केलं होतं, ते मी पोपटीवर सगळ्यांना सांगेन. शेंगा चांगल्या निघाल्या तर सांगणार नाही.

बारावीत अडकलेला भाचा मला शिकवणार म्हणे. माझी निवड चुकत नाही, असं मी लिहिलं होतं. ते पत्र जपून ठेव.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते. शिट्टी नूतनकडे दिली आहे आणि परत मागणार नाही, असं तिने माझ्याकडून वदवून घेतलं आहे. तुमच्या खोलीत मला खुर्ची देऊ नका, सतरंजीवर बसेन, भिंतीला टेकून, आणि एक शब्द बोलणार नाही. फक्त एकच विचारायचं होतं, या खेपेचे वाल कोणाच्या शेतातून...

नाही. नाही विचारत.

तुझी आत्या,
अनिता