बगलेतलं चार बोटं कापड

कोल्हापूर, १२ नोव्हेंबर १९७५

राजदूत म्हणून परदेशी जायचं की आणीबाणीत इथंच राहून बोलायचं, हे उद्या दिल्लीला कळवायचं आहे. तरी आज संध्याकाळी शिवाजी पेठेत हसनमास्तरांकडे बंद गळ्याच्या कोटासाठी कापड घेऊन गेलो. का गेलो? काहीच ठरलं नव्हतं ना?

वीस वर्षं माझे सभेचे सदरे तेच शिवतात. बोलताना माझा उजवा हात सारखा वर जातो, म्हणून त्या बगलेत न सांगता चार बोटं कापड जादा सोडतात. कदाचित परदेशी जावं लागेल, एवढं मी त्यांना सांगितलं होतं; आज माप घेताना ते थांबले.

"साहेब, बगल सैल ठेवू का तंग?"

"नेहमीसारखी ठेवा की."

"कोट हाय ह्यो. सैल सोडली तर फुगतोय. तिकडं हात वर करायचा न्हाय नव्हं?"

बाकावर आमचा जुना कार्यकर्ता मारुती बसला होता. त्याचा थोरला भाऊ माझ्याच सभेतून पकडला गेला. "हात वर करणारी समदी तुरुंगात हाईत, मास्तर," तो म्हणाला. "शिवा बिनघोर तंग."

एवढी पुस्तकं वाचली, भरलेली मैदानं गप्प केली. आज मारुतीकडे न बघता उजवा हात खाली सोडला. राग आला, तोही त्याच्यावर नव्हे.

"ठेवा तंग," मी म्हणालो.

मास्तरांनी खडूची रेघ चार बोटं आत घेतली. चारच बोटं.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "काय ठरलं?"

"अजून विचार करतोय," म्हणालो.