धुराचं तळं

रविवार, १९ जानेवारी

चि. सौ. संयोगिता,

तुला आणि मल्हारला पोटभर आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तू फोन उचलत नाहीस, म्हणून दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलेय. अक्षराला हसू नकोस. आपली ऊसतोड आटोपली, टोळी पुढच्या गावाला गेली. गाय व्याली, कालवड झाली. खरवस केला होता, मल्हारच्या वाटणीचा मीच खाल्ला. यशराजचा पोस्टवरून फोन आला होता. "आई, तुमी दोघी तेवढं मिटवून टाका," म्हणाला. फौजेत राहून पोराला एवढंही कळलं नाही की आपल्या दोघींचं भांडण नव्हतंच.

तुझे मामा कसे आहेत, हे तू विचारणार नाहीस. तरी सांगते.

तोड झाली की वाळक्या पाल्याचं पाचट पहाटे पेटवायचं, ही आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. दुपारी वारा सुटतो, जाळ शेजाऱ्याच्या उभ्या उसात शिरतो. सकाळी पान हलत नाही, जाळ कह्यात राहतो. म्हणजे काळजी घेणाऱ्या माणसाचीच ही रीत. मल्हारला धाप लागायची तीही सकाळीच. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, थंडीतली सकाळची हवा जागची उठत नाही, धूर तिच्यातच कोंडतो. त्यावर हे काय बोलले ते तू कानांनी ऐकलंस. "दुष्काळी भागातली पोर, तिला उसाचा धूर कसा सोसंल?" त्याच दुपारी तू पोराला घेऊन माहेरी आटपाडीला गेलीस.

तर परवा शुक्रवारी आम्ही आपल्या डोंगरावरच्या जोतिबाला निघालो. मल्हारची धाप थांबावी म्हणून मी नारळ बोलले होते. आणि निघण्याआधी यांनी काय केलं? वरच्या तुकड्यातलं पाचट पेटवलं, कृष्णात गड्याला राखणीला बसवलं आणि मग पायात चपला घातल्या. मी कपाळावर हात मारला. नवस एकीकडे आणि काडेपेटी दुसरीकडे!

पायवाटेनं चढताना डोळे चुरचुरत होते. पुढचं माणूस दिसेना. हे खोकत होते, पण मला ऐकू येऊ नये म्हणून टॉवेलात. अर्धा डोंगर चढलो आणि संयोगिता, एका पावलात आमची डोकी धुराबाहेर आली. वर लख्ख ऊन. आणि ऊब! गावात दात वाजत होते, तिथं मी शाल काढली. डोंगरावर गारठा जास्त असायचा, तर हे उलटंच.

मागं वळून बघितलं. अख्खं खोरं धुरानं भरलेलं. ढगासारखा वेडावाकडा नाही, फळी मारलेल्या वाफ्यासारखा वरून सपाट. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर सरळ वर यायचा, एका उंचीला थांबायचा आणि आडवा पसरायचा. वर कुणीतरी झाकण धरल्यासारखा. बंबातलं पाणी वर कढत आणि तळाला गार असतं, न ढवळता तसंच राहतं. तसंच हे. रात्रभर जमीन गारठते, तिच्या अंगालगतची हवा जड होऊन खोऱ्यात बसते, वर उबदार हवा. मग खालचं वर जायचं कसं? डॉक्टर सांगत होते ते आत्ता माझ्या डोळ्यांपुढं होतं, आणि इतकं सुंदर होतं की मला भीती वाटली.

गाव दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. कोंबडा आरवला तो अगदी पायाशी. एसटीचा हॉर्न, कुणाची तरी बादली, अंगणवाडीतल्या पोरांचं गाणं. मधेच एक पोर खोकलं, ते खोकतच राहिलं.

"आपलं घर कुठं हाय गं?" यांनी विचारलं.

"ह्याच्या बुडाला."

"मल्हार हितं निजायचा?"

मी म्हणाले, "आवं, मग कुठं निजणार?"

हे दगडावर बसले. नारळ हातातच राहिला.

ऊन वर चढलं तसा तो सपाट धूर हलायला लागला. भांड्याखाली जाळ लागला की पाणी तळातून उसळतं ना, तसे जमिनीकडून लोट उठायला लागले. झाकण फाटलं. आधी पाण्याची टाकी दिसली, मग शाळा, मग आपले पत्रे. बघता बघता सगळा धूर आभाळात गेला आणि जिथून तो उठला तिथं घारी पंख न हलवता वर वर निघाल्या. एवढी मोठी हवा आपल्या डोक्यावर रोज बसते आणि रोज उठते, आणि आम्ही जन्मभर नुसतं खाली बघून चाललो. यांनी टोपी काढली. देवळाकडं तोंड नव्हतं त्यांचं, खोऱ्याकडं होतं.

खाली आल्यावर उरलेल्या पाचटाची यंत्रानं कुट्टी करायला सांगितली. मग स्वतः लोकांच्या बांधावर जाऊन, पाचट पेटवू नका म्हणून सांगून आले. कुणी हो म्हणालं, कुणी हसलं. आज सकाळीही खोरं तसंच भरलं होतं.

हे म्हणतात, "तिला लिही, चुकलं माझं, पोराला घिऊन ये." पहिलं सांगितल्याप्रमाणं लिहिलं. दुसरं लिहीत नाही. पोराला कुशीत घ्यायला माझे हात शिवशिवतात, तरी लिहीत नाही. गुऱ्हाळं विझू देत, उन्हाळ्याचा वारा खेळू दे. तोवर आम्हीच तिकडं येऊ, त्याला धाप न लागता पळताना बघू.

तू गेलीस ते बरं केलंस, पोरी. घरात ते कुणी म्हणालं नाही. मी म्हणते.

"परत ये" न म्हणणारी,
तुझी आत्या