वाण म्हणून वाटलेलं पुस्तक

पिपरी मेघे, वर्धा
रथसप्तमी

तीर्थरूप ताईस शकूचा नमस्कार.

देवकृपेने आम्ही बरे आहोत. भाऊजींचे गुडघे कसे आहेत?

रुचिकाच्या कथेला विद्यापीठाच्या लेखनवर्गात पहिलं बक्षीस मिळालं. कथा पुस्तकात छापली, तिला वीस प्रती मिळाल्या. वाणाचा खर्च वाचेल म्हणून हळदीकुंकवाला मी त्याच वाटल्या, न वाचता.

काल वाचली. ताई, ती तुझ्या पहिल्या लग्नाची गोष्ट आहे. तुझं नाव बदललंय, पण गाव तेच, जाम. लाडू वळताना मीच तिला सांगितलं होतं. रागावले तर म्हणते, "खरं लिहिलं म्हणूनच त बक्षीस भेटलं, आई."

तुझ्या इथल्या नणंदेलाही एक प्रत गेली, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नाही. वाण परत कसं मागू? तरी गेले. पुस्तक देवाजवळ होतं, वर कुंकू वाहिलेलं. म्हणाली, "मले बारीक अक्षर दिसत नाई. रविवारी नात येऊन राह्यली, तिच्याकडून वाचून घेईन."

तुमच्याकडे फोनवर सगळे ऐकतात, म्हणून पत्र. रविवारच्या आत पोचलं तर बहिणीचा फोन येण्याआधी भाऊजींना सांगून ठेव.

रोज दिवा लावते, पण काय मागू? पोरीचं बक्षीस परत जावं असं म्हणवत नाही.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

तुझीच,
शकू